होल्डरची लांबण

भोसरी एमआयडीसीत दुपारी पायी फिरलं तर कोणत्या शेडमध्ये काय काम चाललंय हे आत न डोकावताही सांगता येतं. जमिनीतून धप्प-धप्प येत असेल तर प्रेस शॉप. बारीक सूं सूं आणि जोडीला तेलकट धुरकट वास असेल तर ग्राइंडिंग. आणि शटरमागून दातांत कळ जावी असा ईईईई ऐकू येत असेल, आणि तरीही दारात दोन माणसं शांतपणे कटिंग चहा पीत उभी असतील, तर समजावं की आत व्हीएमसीवर एखादं खोल पॉकेट चाललंय आणि कटर होल्डरसकट वीतभर खाली लोंबतोय.

ती दोन माणसं बहिरी नसतात. त्यांना तो आवाज सवयीचा झालेला असतो. चहा खाली ठेवून ती आत धावतात ते आवाज थांबल्यावर. कारण सायकल संपायला अजून चाळीस मिनिटं असताना आवाज थांबला, याचा अर्थ कटर तुटला.

आता इतकं लांब टूल लावायची वेळ का येते, तर लोकांना वस्तू खोल लागतात म्हणून. भाजीचा क्रेट खोल हवा, वॉशिंग मशीनचा टब खोल हवा, बादली तर खोल हवीच. उथळ बादलीला परात म्हणतात. या वस्तूंचे मोल्ड पोलादाच्या ठोकळ्यात कोरायचे म्हणजे कटरला तळापर्यंत उतरावं लागणार. त्यात डिझाइनर हा प्राणी एसीत बसलेला असतो. तो १५० मिमी खोल कप्पा काढतो आणि कोपऱ्यांना ६ ची रेडियस देतो. ६ का, तर मागच्या ड्रॉइंगला ६ होती. मागच्या ड्रॉइंगमधला कप्पा ४० मिमी खोल होता ही गोष्ट त्याच्या लेखी फारशी महत्त्वाची नसते. संगणकावर खोली वाढवायला माउस थोडा खाली ओढला की पुरतं, आणि माउस ओढताना काही वाजत नाही. ते ड्रॉइंग खाली शॉपमध्ये आलं की मात्र १२ चा कटर दीडशे खाली उतरवायचा असतो, आणि होल्डर भिंतीला लागू द्यायचा नसतो. म्हणून बारीक होल्डर, म्हणून लांब होल्डर, म्हणून ईईईई.

या सगळ्यामागचं गणित मेकॅनिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याच्या मोकळ्या टोकावर रेटा दिला तर तो किती वाकेल? लांबीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट, तिप्पट केली की सत्तावीसपट. कोकणात ज्यांनी आंबे उतरवायचा झेला हातात धरलाय त्यांना हे सूत्र शिकवायची गरज नाही. बुडाशी मनगट जरासं हललं की वरची जाळी शेजारच्या फांदीवर जाते, आणि शेजारची फांदी बहुधा शेजाऱ्याची असते.

आकड्यांत सांगायचं तर १६ मिमी व्यासाचा पोलादी दांडा ८० मिमी बाहेर ठेवला आणि टोकावर आडवा १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोचा रेटा दिला, तर तो २५ मायक्रॉन वाकतो. तोच दांडा १६० मिमी बाहेर काढला की २०० मायक्रॉन. स्पिंडल, कॉलेट आणि मधले जोड यांचं वाकणं यात धरलेलंच नाही. मोल्डवाले वीस-वीस मायक्रॉनवरून क्यूसीशी भांडतात आणि इथे २०० मायक्रॉन हवेत डोलतायत. उलट व्यासाचा हिशेब चौथ्या घाताने चालतो. १६ चा दांडा २० चा केला, लांबी तेवढीच ठेवली, की २०० चे ८० मायक्रॉन होतात. फक्त चार मिमी जाडी! पोलादाऐवजी कार्बाइडचा दांडा घेतला तर १६ व्यासातच आकडा ७० वर येतो, कारण कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं. (पडलं तर तुकडे होतात. ताठपणाचे तोटे असतात.)

म्हणजे उत्तर उघड आहे: आखूड करा, जाड करा. एवढं सोपं उत्तर असल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटत नाही, कारण लांबी ही यंत्रशास्त्राची बाब थोडी आणि स्वभावाची जास्त.

लांब होल्डर शॉपमध्ये कसा येतो ते पाहण्यासारखं आहे. कधीकाळी एक खोल जॉब आलेला असतो. त्याच्यासाठी लांब होल्डर घाईघाईने मागवतात. तो जॉब होतो, जातो, त्याचं बिल अडकतं, सुटतं. होल्डर मात्र मशीनच्या मॅगझिनमध्ये तसाच राहतो. पुढचा जॉब ४० खोल असतो. ‘असू दे ना, तोच लावलाय, कशाला काढायचा?’ त्याच्या पुढचा २५ खोल. ‘चालतंय की!’ चार नंबरच्या पॉकेटात बसलेला तो होल्डर मग कधीच उतरत नाही. नवीन पोरगा येतो, त्याला वाटतं होल्डर एवढाच असतो. दीडशे मिमीची सोय पंचवीस मिमीच्या कामाला वापरायची आणि मग आवाज येतो म्हणून मशीन बनवणाऱ्याला नावं ठेवायची, हा प्रकार मी इतक्या शेडमध्ये पाहिला आहे की आता मी आधी मॅगझिन बघतो आणि मग हात मिळवतो.

प्रोग्रामर या पापात भागीदार असतो. खरं तर दीडशे खोल पॉकेट टप्प्याटप्प्याने उतरायला हवं. वरचे साठ मिमी आखूड, जाड, धटिंगण होल्डरने दणकून काढायचे, मग जरा लांब होल्डर, आणि खरा लांबोडा फक्त तळाच्या कामाला. पण तीन होल्डर म्हणजे तीन टूल, तीन ऑफसेट, तीन ओळी जास्त. त्यापेक्षा सर्वांत लांब एकच लावला की वरपासून खालपर्यंत एका टूलमध्ये काम. ‘टूल चेंज वाचतो सर.’ टूल चेंजला मशीनला लागतात काही सेकंद. ते वाचवायला वरच्या साठ मिमीतही पोपटासारखं टोचत बसावं लागतं, आणि तासाचं काम तीन तासांवर जातं. पण तीन तास मशीनचे असतात. टूल चेंजच्या ओळी प्रोग्रामरला टाइप कराव्या लागतात.

याहून अद्भुत प्रकार म्हणजे जोडावर जोड. लांब होल्डर विकत घ्यायचा तर पैसे पडतात. कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सरळ दांड्याचं ईआर १६ चं एक्स्टेन्शन सापडतं. ते ईआर ३२ च्या होल्डरमध्ये, त्याच्या कॉलेटात धरायचं. एक्स्टेन्शनच्या तोंडात दुसरं कॉलेट, त्यात कटर. कटरचा दांडा जुळत नसेल तर मध्ये एक बुश. ही सगळी वरात बीटी ४० च्या स्पिंडलला लटकवायची आणि सायकल स्टार्ट दाबायचं. प्रत्येक जोडात थोडा ढिलेपणा, थोडा वाकडेपणा, थोडं तेल आणि एखादी चिप अडकलेली. डायल लावून रनआउट पाहिला तर काटा इकडून तिकडे असा काही जातो की बघणारा डायलच खराब आहे असं ठरवतो. रनआउट असला की दोन दातांपैकी एकच दात काम करतो आणि दुसरा हजेरी लावून जातो. असे कर्मचारी सर्वत्र असतात, पण त्यांच्यामुळे तिथे निदान आवाज होत नाही.

कटर वाजायला लागला की निदान सुरू होतं. याला शिक्षणाची अट नाही.

प्रोग्रामर येतो, पडद्याकडे पाहतो आणि सांगतो, ‘मशीनच्या स्पिंडलमध्ये प्ले आहे.’ मेंटेनन्सवाला येतो, स्पिंडलकडे पाहतो आणि सांगतो, ‘स्पिंडल ओके आहे, प्रोग्राम बघा.’ दोघेही आपापल्या जागी परत जातात. शेठ येतात आणि म्हणतात, ‘काल तर चालत होतं!’ या वाक्याला उत्तर नसतं, कारण काल हा जॉब मशीनवर नव्हताच, पण ते शेठना सांगायचं कोणी? मग कोणी तरी जुन्या सेटर काकांना बोलावतो. काका काही बोलत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, एक तळवा मशीनच्या कॉलमवर ठेवतात, दुसऱ्या हाताचं बोट हळूच जॉबच्या कडेला लावतात आणि म्हणतात, ‘अरे टूल नाही वाजत, जॉब वाजतोय. खाली पॅकिंग नाही.’ आणि पुष्कळदा ते खरं असतं. पातळ भिंतीचा जॉब दोन टोकांना क्लॅम्प करून मध्ये पोकळ ठेवला तर जगातला सर्वोत्तम होल्डर लावूनही तो वाजणारच. काकांनी अर्ध्या मिनिटात जे केलं, ते करायला नंतर येणारा इंजिनिअर दोन सेन्सर आणि लॅपटॉप लावतो. इंजिनिअरचा अहवाल रंगीत असतो, एवढा फरक.

क्यूसीवाल्याची पद्धत वेगळी. तो नख फिरवतो. पृष्ठभागावर लाइनी आल्या आहेत की नाही हे मोजायचं उपकरण त्याच्या खोलीत पेटीत असतं, पण पहिला निकाल अंगठ्याचं नख देतं, आणि नखाने नापास केलेला जॉब उपकरणावर सहसा पास होत नाही.

आणि या साऱ्या मंडळींच्या शेवटी, शेडच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसलेला असतो पॉलिशवाला. लांब होल्डरचं सगळं कर्ज हा माणूस फेडतो. कटरने तासाभरात पाडलेल्या लाटा तो दगड, एमरी पेपर आणि मग डायमंड पेस्ट घेऊन दोन दिवस घासत बसतो. त्याला कंपनसिद्धांत माहीत नसतो, पण कोणत्या मशीनवर कोणी कटर किती बाहेर काढला होता हे तो जॉब नुसता तिरका धरून सांगतो. मीटिंगला त्याला कोणी बोलवत नाही. माझ्या मते मीटिंग त्याच्याच टेबलावर व्हायला हवी.

राहिला ऑपरेटर. तो खरोखर काही तरी करतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर. आवाज आला की त्याचा हात स्पिंडलच्या ओव्हरराइड नॉबकडे जातो आणि नॉब डावीकडे फिरतो. नेहमी डावीकडे. उजवीकडे नॉब फिरवलेला ऑपरेटर मी क्वचितच पाहिला आहे. वाजतंय म्हणजे जास्त होतंय, म्हणजे कमी करा, हा त्यामागचा विचार. घरात, रस्त्यावर, राजकारणात हा विचार बरोबर असेलही. मिलिंगमध्ये तो निम्म्या वेळा चुकतो, आणि का चुकतो हे कळायला माणसाला फार वर्षं लागली.

फ्रेडरिक टेलर हे नाव मॅनेजमेंटवाल्यांना ठाऊक असतं. कामगाराशेजारी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलेला तो अमेरिकन इंजिनिअर. त्याने सव्वीस वर्षं धातू कापण्याचे प्रयोग केले, आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाच्या चिप्स पाडल्या आणि ते सारं १९०७ च्या सुमारास एका जाडजूड प्रबंधात छापलं. कोणता माणूस किती फावडी कोळसा उचलेल हे ठरवून देणाऱ्या या गृहस्थाने कटरच्या थरथरीपुढे मात्र हात टेकले. मशीनवाल्यासमोरच्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत गूढ आणि नाजूक, असा शेरा त्याने मारून ठेवला आहे. आपल्याकडच्या शेठना टेलर वाचायला दिला पाहिजे. निदान ‘काल तर चालत होतं’ म्हणायच्या आधी ते थबकतील.

गूढ उकललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, इंग्लंडमध्ये टोबायस आणि चेकोस्लोव्हाकियात त्लुस्ती यांच्या अभ्यासातून. मुद्दा असा की टूल वाकतं हे खरं दुखणं नाही. वाकून तिथेच राहिलं असतं तर माप चुकलं असतं, पण वाजलं नसतं. होतं असं की पहिला दात जरा थरथरत कापतो आणि मागे बारीक लाटा सोडतो. दुसरा दात त्या लाटांवरून जातो. त्याची स्वतःची थरथर त्या लाटांच्या ठेक्याशी जुळली तर चिपची जाडी सारखी राहते आणि सगळं शांत. ठेका चुकला की चिप कधी जाड, कधी पातळ. रेटा कधी जास्त, कधी कमी. त्या हिसक्यांनी टूल अजून थरथरतं आणि तिसऱ्या दातासाठी अजून मोठ्या लाटा मागे ठेवतं. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या भाऊबंदकीसारखं हे वाढत जातं. सेकंदाला शेकडो पिढ्या!

आता गंमत पाहा. टूल सेकंदाला ५०० वेळा थरथरण्याच्या स्वभावाचं आहे आणि कटर दोन दातांचा आहे असं धरू. दातांचा ठेका या थरथरीशी जुळायचा तर मिनिटाला १५००० फेरे हवेत, किंवा त्याचे निम्मे ७५००, किंवा तिसरा हिस्सा ५०००, असं खाली. प्रोग्राममध्ये आहेत ६०००. हा आकडा नेमका दोन जुळणाऱ्या गतींच्या मध्ये, वाजणाऱ्या पट्ट्यात पडलाय. इथे नॉब उजवीकडे फिरवून साडेसात हजाराच्या आसपास नेला तर आवाज विरून जाऊ शकतो आणि काम आधीपेक्षा लवकर होतं. पण ‘वाढवला तर तुटेल’ या भीतीने नॉब डावीकडेच जातो. वाटेत पाच हजारावर आवाज जरा कमी होतो, पण तोवर ऑपरेटरचा विश्वास उडालेला असतो. तो थेट ३००० वर जाऊन थांबतो. तिथे शांतता असते, हे मान्य केलं पाहिजे. मंद गतीत कटरच्या धारेची मागची बाजू लाटांवर घासते आणि त्या घासण्याने थरथर दबते. सायकल टाइम दुप्पट होतो, पण कानाला बरं वाटतं. बऱ्याच शॉपमध्ये शांतता ही अशी निम्म्या पगारावर आणलेली असते.

जोडीला तो फीडही कमी करतो, आणि तिथे बाजी पुन्हा उलटते. फीड फारच कमी केला की दात कापत नाही, नुसता घासत राहतो. चिप निघण्याऐवजी भुकटी निघते, धार जाते, आणि बोथट धार वाजते. फेरे कमी करावेत की वाढवावेत यावर वाद होऊ शकतो. पण दाताला कापायला काही तरी दिलंच पाहिजे, यावर नाही.

टूल किती वेळा थरथरण्याच्या स्वभावाचं आहे हे कसं कळायचं, तर त्याला ठोकून. कटरच्या टोकाला एक चिमुकला सेन्सर चिकटवतात आणि डोक्यात सेन्सर असलेल्या छोट्या हातोडीने हलकी टिचकी मारतात. लॅपटॉपवर आलेख उमटतो. हे पहिल्यांदा पाहताना सगळं शॉप गोळा होतं, कारण इतक्या हलक्या हाताने हातोडी वापरलेली तिथे कोणी पाहिलेली नसते. आपल्याकडच्या हातोडीला फक्त बोलता येतं. या हातोडीला ऐकूही येतं. एवढी सामग्री नसेल तर फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप धरून ईईईई किती हर्ट्झचा आहे ते पाहावं. त्याला साठाने गुणून दातांच्या संख्येने भागायचं, मग दोनाने, तिनाने, चाराने भागत मशीनला झेपेल त्या आकड्यावर यायचं आणि तिथे करून बघायचं. फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

फुकट नसलेले उपाय मात्र दारात येऊन उभे राहतात. टूल विकणारा तरुण बॅगेतून असा कटर काढतो ज्याचे चार दात बरोबर ९० अंशांवर नसून थोडे मागेपुढे आहेत. युक्ती खरी आहे: दातांमधलं अंतरच असमान ठेवलं की लाटांचा ठेका धरता येत नाही आणि थरथर वाढत जायला तिला लय सापडत नाही. ट्रायल होते. ट्रायलला ठोकळा भक्कम, क्लॅम्पिंग नवं, होल्डर आखूड आणि कटर कॉलेटात पुरता आत. लोण्यासारखा चालतो. ऑर्डर जाते. मग तोच कटर चार नंबरच्या त्या लांबोड्या होल्डरमध्ये जातो, आणि मंगळवारी शेठ विक्रेत्याला फोन करून विचारतात, ‘ट्रायलला तर चालत होता!’

सगळ्यात राजेशाही उपाय म्हणजे ज्याच्या पोटात वजन टांगलंय असा होल्डर. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या हरमान फ्राम यांनी १९०९ मध्येच असं पेटंट मागितलं होतं. थरथरणाऱ्या वस्तूला एक छोटं वजन स्प्रिंगने असं जोडायचं की मूळ वस्तू एका बाजूला निघाली की वजन मागे राहून तिला ओढून धरेल. तैवानच्या तैपेई १०१ इमारतीत वाऱ्याचं डोलणं कमी करायला ६६० टनांचा पोलादी गोळा याच तत्त्वावर टांगला आहे. तीच गोष्ट मुठीत मावणाऱ्या नळीत बसवायची: आत जड धातूचा ठोकळा, दोन्ही बाजूंना रबराच्या रिंगा, भोवती तेल. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला विकसित झालेली ‘सायलेंट टूल्स’ ही सँडविक कोरोमंटची मालिका यात प्रसिद्ध आहे, आणि त्या कंपनीचं ठाणं आपल्या दापोडीत, भोसरीपासून हाकेच्या अंतरावर. बोरिंग बारच्या बाबतीत साधा पोलादी बार व्यासाच्या चौपट लांबीपर्यंत धड वागतो, कार्बाइडचा सहापट; पोटात वजन असलेला दहापटीपर्यंत जातो आणि कार्बाइडने ताठ केलेला चौदापटीपर्यंत. मिलिंगमध्ये एवढी मजल मारता येत नाही, पण फरक कानाला कळतो.

असा होल्डर एका शॉपमध्ये घेतला. किंमत ऐकून हिशेबनिसांनी पाणी मागितलं. शेठनी तो स्वतःच्या केबिनमधल्या कपाटात, कुलुपात ठेवला. महाग आहे, खराब होईल, म्हणून साध्या कामाला द्यायचा नाही. अवघड कामाला द्यायचा, तर तिथे तुटायची भीती. त्यामुळे तो बाहेर निघतच नाही. ते कपाट मात्र अजिबात कंप पावत नाही, हे मी हात लावून पाहिलं आहे. एकदा सक्तीने बाहेर काढला गेला तेव्हा एका उत्साही पोराने त्याच्या पुढे ते ईआर १६ चं एक्स्टेन्शन जोडलं, ‘अजून जरा लांब पाहिजे होतं’ म्हणून. आतलं वजन टोकाच्या जवळ असतं ते टोकाची थरथर पकडायला. त्याच्या पुढे वीतभर शेपूट लावलं की वजन बिचारं मागे बसून बघत राहतं.

त्यापेक्षा स्वस्तात आणि जास्त वेळा उपयोगी पडते ती दिशेची गोष्ट. लांब दांडा आडव्या रेट्याने वाकतो, उभ्या रेट्याने नाही. ९० अंशी कटर भिंतीला भिडला की बहुतेक रेटा आडवा. हाय-फीड कटरचे इन्सर्ट जवळजवळ सपाट पडलेले असतात. ते पातळ थर भरभर काढतात आणि रेटा दांड्यातून वर स्पिंडलकडे पाठवतात. त्याहून पुढे जायचं तर प्लंज मिलिंग: कटर बाजूला न सरकवता ड्रिलसारखा वरून खाली खुपसत जायचं. दिसायला अडाणी, खोल पॉकेटला फार गुणी. दातही कमी असावेत. एकाच वेळी कमी दात रुतलेले असले की रेटाही कमी. शॉपमध्ये उलटा समज आहे, दात जास्त म्हणजे काम जास्त.

आणि काही कोपरे मिलिंगने करायचेच नसतात. तिथे इलेक्ट्रोड करून स्पार्कवर टाकावं. हत्यार आणि जॉब यांनी एकमेकांना न शिवता काम उरकायची ती पद्धत १९४३ च्या सुमारास सोव्हिएत रशियात लाझारेंको या नवरा-बायकोने काढली. वेळ लागतो, पण रेटाच नसल्यामुळे लांबीची फिकीर नाही. डिझाइनरने रेडियस ६ ऐवजी १० केली तर स्पार्कचीही गरज उरत नाही. त्यासाठी कोणी तरी एक जिना चढून एसीत जाऊन सांगावं लागतं. तो जिना आमच्याकडे फार उंच समजतात.

तेव्हा ज्यांच्या शेडमधून असा आवाज येतो त्यांना एक विनंती आहे. नवं काही विकत घ्यायच्या आधी मॅगझिनमधला प्रत्येक होल्डर खाली उतरवा आणि पट्टी लावा. पट्टी क्यूसीकडून मागा, त्यांना बरं वाटतं. जॉबची खोली जेवढी, त्याहून चार-पाच मिमी जास्त बाहेर असेल तर ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर कॉलेट ढिलं करा, टेपर आणि कॉलेट पुसून घ्या, कटर आत ढकला, नट पुन्हा आवळा. मग ऑफसेट नव्याने घ्या. हे शेवटचं विसरू नका, कारण ते विसरल्यावर जो आवाज येतो त्याबद्दल हा लेख नाही.